एकट्यानं सोडवलेली गणितं

शर्ली जॅक्सन एमआयटीत दाखल झाली ते साल 1964. (पुण्यातल्या वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून आधीच सांगतो, ही एमआयटी बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधली.) मुलगी अठरा वर्षांची, काळी, वॉशिंग्टनच्या सरकारी शाळेत पहिली आलेली. हजारो विद्यार्थ्यांच्या त्या संस्थेत काळी मुलं सगळी मिळून वीससुद्धा नव्हती आणि तिच्या वर्षाला काळ्या मुली दोनच. सुरुवातीच्याच दिवसांत भौतिकशास्त्राचा गृहपाठ आला. वसतिगृहातल्या काही मुली एकत्र बसून गणितं सोडवताना तिला दिसल्या. आपले कागद घेऊन ती त्यांच्याकडे गेली आणि मीही बसू का, असं विचारलं. तिला जायला सांगितलं गेलं. ती खोलीत परतली आणि उरलेली गणितं तिनं एकटीनं सोडवली.

जॅक्सनबाईंनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. त्या तिथंच पदवीधर झाल्या आणि 1973 मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. नंतर त्या अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाच्या अध्यक्ष झाल्या, एका मोठ्या तंत्रविद्यापीठाच्या प्रमुखही झाल्या. असं चरित्र हाती लागलं की दिवाळी अंकाचा लेख एरवी तिथंच संपतो: जिद्द, चिकाटी, यश. मला मात्र त्या गृहपाठाच्या कागदांनी अडकवून ठेवलं. एकटीनं गणितं सोडवून जी पुढे गेली तिचं नाव आपल्याला माहीत आहे. एकट्यानं सोडवता सोडवता जी मुलं मागे राहिली, त्यांचं काय झालं?

4 एप्रिल 1968 ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जॅक्सन तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. डॉक्टरेटसाठी दुसरीकडे जायचं की इथंच थांबायचं, याचा विचार चालू होता. त्या थांबल्या. त्यांनी आणि इतर काळ्या विद्यार्थ्यांनी मिळून संघटना उभी केली, संस्थेपुढे मागण्यांची यादी ठेवली आणि संस्थेनं त्यावर एक समिती नेमली. समितीचे प्रमुख पॉल ग्रे पुढे एमआयटीचे अध्यक्ष झाले. या सगळ्यातून 1969 च्या उन्हाळ्यात ‘इंटरफेज’ सुरू झालं. प्रवेश मिळालेल्या मुलांना सत्र सुरू होण्याआधीच बोलवायचं, तिथंच ठेवून घ्यायचं, गणित, भौतिकशास्त्र आणि लेखन शिकवायचं, आणि पहिल्या दिवशी वर्गात शिरताना निदान चार चेहरे ओळखीचे असतील अशी सोय करायची.

उन्हाळी विज्ञान शिबिरं अमेरिकेत त्याआधीही होती. 1957 च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या शाळांतल्या गणिताची एकाएकी आठवण झाली. सरकारी पैसा आला आणि विद्यापीठांत सुट्टीतले वर्ग भरू लागले. ती शिबिरं ‘हुशार’ मुलांसाठी होती आणि वाईट मुळीच नव्हती. पण अशा शिबिराची बातमी कुणाच्या शाळेत पोचते, अर्ज कोण आणून देतं, शिफारसपत्र लिहिण्याइतकं मुलाला ओळखणारा शिक्षक कुणाला लाभतो, ही चाळणी हुशारीच्या परीक्षेआधीच लागलेली असायची.

ज्या मुलांसाठी नंतरचे उपक्रम निघाले त्यांना इंग्रजीत ‘अंडररिप्रेझेंटेड’ असा जो शब्द आहे, त्याला मराठीत धड शब्द नाही. ‘वंचित’ म्हटलं की दया आली, ‘मागास’ म्हटलं की शिक्का बसला. इंग्रजी शब्दाचा रोख मुलाच्या अंगातल्या उणिवेवर नाही, हजेरीपटावर आहे. लोकसंख्येत ज्यांचा वाटा मोठा आणि वर्गात ज्यांची हजेरी कमी, ती ही मुलं. मी त्यांना ‘हजेरीत कमी’ म्हणणार आहे. शब्द ओबडधोबड आहे, पण दोष कुठं आहे ते तरी नीट दाखवतो.

आता बर्कलेला जाऊ. या विषयातली सर्वांत शहाणी गोष्ट मला तिथं सापडली.

1970 च्या दशकाच्या मध्यावर युरी ट्राइझमन हा तरुण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या गणित विभागात काम करत होता. कॅल्क्युलसच्या पहिल्या सत्रात काळे विद्यार्थी ढिगानं नापास होत. आधीच्या दहा वर्षांत हा विषय पूर्ण करणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांपैकी 60 टक्क्यांना ‘डी’ किंवा ‘एफ’ मिळाला होता. कारण काय असावं, असं त्यानं प्राध्यापकांना विचारलं. कुणी म्हणालं, अभ्यासाची ओढच नाही. कुणी म्हणालं, शाळेतला पाया कच्चा. कुणी घरच्या वातावरणावर बोट ठेवलं, कुणी गरिबीवर. आपल्याकडच्या कोणत्याही स्टाफरूममध्ये हा प्रश्न टाकून पाहा, हीच चार उत्तरं येतील आणि क्रमही बहुधा हाच असेल.

ट्राइझमननं वीस काळे आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि तो जवळपास त्यांच्यात राहायलाच गेला. ती मुलं कधी बसतात, कुठं अडतात, अडल्यावर कुणाकडे जातात, हे त्यानं महिनोन्‌महिने पाहिलं. प्राध्यापकांचं एकेक उत्तर गळून पडलं. काळ्या मुलांच्या घरच्यांनी शिक्षणासाठी जिवाचं रान केलेलं होतं. ओढ नसलेली मुलं तिथवर पोचलीच नसती. आणि नापास होणाऱ्यांत शाळेत उत्तम गुण मिळवलेलेही होते.

फरक संध्याकाळी दिसत होता. वर्गातल्या एका तासामागे दोन तास अभ्यास करा, असं विद्यापीठ सांगायचं. काळी मुलं तंतोतंत तेवढाच करत, आठवड्याला आठ तास, एकटी, खोलीचं दार लावून. चिनी मुलं जवळपास चौदा तास देत. आधी आपापलं काम करत, मग एकत्र जमत, बरेचदा जेवता जेवता. एकमेकांची उत्तरं तपासत, एकमेकांचं इंग्रजी दुरुस्त करत, ग्रंथालयातल्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. एखाद्याचा मोठा भाऊ किंवा चुलतभाऊ येऊन परीक्षा घेऊन जाई. त्यामुळे आपण वर्गात नेमके कुठं आहोत, कोणतं गणित सगळ्यांनाच जड जातंय आणि कोणतं फक्त आपल्याला, याचा प्रत्येकाला अंदाज असे. काळ्या मुलाला तो अंदाज परीक्षेचा निकाल लागेपर्यंत येत नसे. आणि निकाल लागला की त्याची समजूत एकच व्हायची, की हे आपलं काम नव्हे.

बारकाईनं पाहिलं तर ही मुलं एकटी बसत ती काही दुर्गुणापायी नव्हे. आजवर त्यांना तारलेला गुण तोच होता. ज्या शाळांतून ती आली तिथं अभ्यासू मुलाला आजूबाजूच्या गोंगाटापासून स्वतःला तोडूनच घ्यावं लागे. बारावीपर्यंत ज्या सवयीनं पुढे आणलं, तीच कॅल्क्युलसच्या वर्गात उलटली.

1978 पासून ट्राइझमननं जो वर्ग सुरू केला त्यात एक धोरणी युक्ती होती. नापासांसाठी जादा तास, अशी पाटी त्यानं लावलीच नाही. हा हुशार मुलांचा खास वर्ग आहे, इथं नेहमीपेक्षा अवघड गणितं मिळतील, असं सांगून मुलं गोळा केली. गणितं खरोखरच अवघड दिली, एकट्यानं सुटू नयेत इतकी. मुलांना बोलावंच लागलं. त्या वर्गातली काळी आणि लॅटिन अमेरिकी मुलं पुढे वर्गाबाहेरच्या गोऱ्या आणि आशियाई मुलांच्याही पुढे गेली.

साधारण याच काळात मुंबईतही काही माणसं याच प्रश्नाशी झटत होती. 1974 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. आज ते मानखुर्दला ऐसपैस जागेत आहे, पण सुरुवात झाली ती नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सुधाकर आगरकरांनी महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. मुलं निवडली, त्यांना केंद्रात बोलावलं, प्रयोग करायला दिले, प्रश्न विचारायला लावले आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांची सोबत केली. निकाल सुधारले. मला निकालापेक्षा निदान जास्त महत्त्वाचं वाटतं. केंद्राच्या संशोधनात दिसलं, की मुलं अडतात ती बऱ्याचदा विज्ञानात नव्हे, विज्ञानाच्या मराठीत. पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर, लांबलचक, कर्मणी प्रयोगात गुंतलेली वाक्यं ज्या घरात कधीच बोलली जात नाहीत, त्या घरातल्या मुलाला धडा परक्या भाषेतलाच वाटतो. तोच धडा सोप्या मराठीत लिहून दिला की मुलांचे गुण वाढत. बर्कलेतल्या मुलाला गणितावर बोलायला माणूस नव्हतं, नाना चौकातल्या मुलाजवळ बोलायला शब्द नव्हते. दोन्हीकडे मास्तर मात्र म्हणत होते, पाया कच्चा.

पुन्हा केंब्रिजकडे वळतो. 1972 मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे एक बडे अधिकारी जे. स्टॅनफर्ड स्मिथ यांनी अल्पसंख्य समाजांतल्या अभियंत्यांची संख्या दसपट व्हायला हवी, असं जाहीरपणे मांडलं. कंपन्यांनी पैसा उभा केला, 1974 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर संस्था उभी राहिली आणि विद्यापीठांत शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग निघू लागले. एमआयटीतल्या वर्गाचं नाव ‘मायनॉरिटी इंट्रोडक्शन टु इंजिनिअरिंग’. पुढे त्यात ‘सायन्स’ आलं आणि आद्याक्षरांचं ‘माइट्स’ झालं. म्हणजे इंग्रजीत बारीक किडे. मुलांनी हे नाव आनंदानं मिरवलं.

आजचा माइट्सचा उन्हाळा असा असतो. अकरावी संपवून शेवटच्या वर्षात जाणारी ऐंशीच्या आसपास मुलं देशभरातून येतात आणि सहा आठवडे विद्यापीठातच राहतात. शिकणं, राहणं, खाणं सगळं फुकट. प्रवासाचा खर्च तेवढा घरून. विषय पाच: गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र किंवा तत्सम काही, एक भाषा-मानव्यविद्येचा आणि पाचवा काहीतरी बनवायचा, सर्किट असो की संगणकाचा प्रोग्रॅम. शेवटी गुणपत्रिका मिळत नाही. प्रत्येक शिक्षक मुलाबद्दल लेखी अभिप्राय देतो. आपल्या शाळेत सदैव पहिली येणारी मुलं इथं पहिल्याच आठवड्यात गणितात आपटतात, हे योजलेलंच आहे. एरवी हे आपटणं कॉलेजच्या पहिल्या सत्रात होतं, सोबत कुणी नसताना, आणि ते प्रगतिपुस्तकावर कायमचं उमटतं. इथं ते उन्हाळ्यात होतं, शेजारच्या खोलीतलाही तेवढाच आपटलेला असतो आणि रात्री अकरा वाजता दोघं एकाच फळ्यापुढे उभे असतात.

बॉल्टिमोरजवळच्या मेरिलँड विद्यापीठातला मायरहॉफ कार्यक्रम याहून कडक. तो 1988 मध्ये सुरू झाला. उभा केला फ्रीमन हराबाउस्की यांनी. हा माणूस मुळात अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. 1963 मध्ये तिथं वर्णभेदाविरुद्ध शाळकरी मुलांचा मोर्चा निघाला, त्यात बारा वर्षांचा फ्रीमन होता आणि त्यानं पाच दिवस तुरुंगात काढले. मोर्चाची हाक पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा आपण चर्चमध्ये मागच्या बाकावर गणितं सोडवत बसलो होतो, असं ते सांगतात. त्यांच्या कार्यक्रमात कॉलेज सुरू होण्याआधी सहा आठवड्यांचा उन्हाळी ‘पूल’ ओलांडावा लागतो. त्या काळात मोबाइल काढून घेतात, कुठंही जाताना गटानं जायचं आणि गटातला एक जण उशिरा आला तर सगळेच उशिरा आले असं धरतात. वाचताना मला सैनिकी शाळा आठवली आणि थोडं खटकलंही. पण एकट्यानं अभ्यास करण्याची सवय मोडायची तर ती गोडीगुलाबीनं मोडत नसावी. पहिल्या तुकडीत एकोणीस काळे तरुण होते. मॉडर्नाच्या कोविड लसीमागच्या संशोधनातलं एक प्रमुख नाव, किझमेकिया कॉर्बेट, याच कार्यक्रमातून पुढे आलं.

आणि मग कोर्ट. अमेरिकेत ही गोष्ट कोर्टाशिवाय सांगताच येत नाही. मेरिलँडच्याच दुसऱ्या एका विद्यापीठात फक्त काळ्यांसाठी असलेली शिष्यवृत्ती 1994 मध्ये अपील न्यायालयानं बेकायदा ठरवली, तेव्हा मायरहॉफनं 1996 मध्ये दार सर्व वंशांना उघडलं. एमआयटीवर ती वेळ 2003 मध्ये आली. वंशाधारित सवलतींना विरोध करणाऱ्या दोन संघटनांनी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याकडे तक्रार केली. इंटरफेज आणि माइट्स दोन्ही तोवर केवळ अल्पसंख्य मुलांसाठी होते. संस्थेनं वकिलांचा सल्ला घेतला आणि त्या वर्षीपासून ते सगळ्यांना खुले केले. पुढे नावही बदललं. आज माइट्स म्हणजे ‘एमआयटी इंट्रोडक्शन टु टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग अँड सायन्स’. आद्याक्षर ‘एम’ होतं तिथंच राहिलं, त्याच्या पोटातली ‘मायनॉरिटी’ तेवढी गेली. ज्या कारकुनाला हे सुचलं त्याला मी मनोमन दाद दिली. आपल्याकडच्या शासननिर्णयांतही असे कलावंत भेटतात.

या सगळ्याचा उपयोग खरंच होतो का, हे इतकी वर्षं कुणी धडपणे तपासलं नव्हतं. कारण साधं आहे. शिबिराला गेलेली मुलं पुढे चमकली, पण ती मुळात निवडकच होती. शिबिराशिवायही चमकली असती, असं कुणी म्हटलं तर उत्तर काय देणार? सारा कोहोड्स, हेलन हो आणि सिल्विया रोब्लेस या तीन संशोधकांनी हा पेच सोडवला. एका अव्वल तंत्रशिक्षण संस्थेत एक आठवड्याचा, सहा आठवड्यांचा आणि सहा महिन्यांचा ऑनलाइन असे तीन कार्यक्रम चालत. त्यांनी संस्थेचं नाव छापलेलं नाही, म्हणून मीही घेत नाही. अर्जांतून लायक मुलं निवडून झाल्यावर जागा कमी आणि मुलं जास्त उरत. तिथं चक्क चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला सहा आठवडे मिळाले, कुणाला एक, कुणाला ऑनलाइन, कुणाला काहीच नाही. मग या सगळ्यांचा कॉलेज संपेपर्यंत माग काढला.

2022 मध्ये निष्कर्ष आले. सहा आठवड्यांची संधी मिळालेल्यांत चार वर्षांत विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताची पदवी घेण्याचं प्रमाण 33 टक्क्यांनी वाढलं. चिठ्ठी न लागलेली मुलंही बहुतेक सगळी कॉलेजला गेली, पण कमी प्रतीच्या. चिठ्ठी लागलेली अधिक नामांकित कॉलेजांत गेली, तीही केवळ यजमान संस्थेत नव्हे, तशाच इतर संस्थांतही. पदवी पुरी होण्यातली वाढ या चांगल्या कॉलेजांमुळेच झाली, असा हिशेब लागतो. विज्ञान न सोडण्यातली वाढ मात्र निव्वळ चांगल्या कॉलेजानं जेवढी व्हायला हवी त्याहून जास्त निघाली. त्या जादा वाढीला आकड्यांत नाव नाही. मला तिथं रात्री अकराचा फळा दिसतो, पण ती माझी समजूत, संशोधकांची नव्हे.

याला दुसरी बाजू आहे. ज्यांच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या ती मुलं आधीच चाळणीतून उतरलेली, बहुतेक कॉलेजला जाणारीच होती. ज्या शाळेत भौतिकशास्त्राचा शिक्षकच नाही तिथल्या मुलापर्यंत हे उन्हाळे पोचत नाहीत. ऐंशी जागांनी देशाचा हजेरीपट बदलत नसतो, आणि तो बदलेल असं माहितीपत्रकांत छापू नये.

29 जून 2023 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली. पुढच्या वर्षी एमआयटीनं नव्या तुकडीचे आकडे जाहीर केले. आधीच्या चार वर्षांत काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण सरासरी 13 टक्के होतं, ते 5 वर आलं. हिस्पॅनिक 15 वरून 11 वर. गोऱ्यांचं जवळपास तेवढंच राहिलं. आशियाई वंशाच्यांचं 41 वरून 47 वर गेलं.

या 47 टक्क्यांत आपली मुलं आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनला मराठी घरात या आकड्यांवर चर्चा झाली असेल तर ती कशी झाली असेल, हे सांगायला नको. आमच्या मुलांनी मेहनत केली, हे खरंच आहे. पण ट्राइझमनच्या चिनी मुलांची संध्याकाळही त्या घरात आहे: परीक्षा घेणारा आयआयटीवाला काका, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका, जेवणाच्या टेबलावर पसरलेले कागद, गणिताची स्पर्धा कधी आणि अर्जाची मुदत कधी हे पाठ असलेली आई. या घरातल्या मुलाला उन्हाळी शिबिर लागत नाही, ते त्याच्या स्वयंपाकघरात वर्षभर चालू असतं. पाटण्याच्या किंवा लातूरच्या भाड्याच्या खोल्यांत मुलं घोळक्यानं जे करतात तेही हेच, फक्त त्याची फी आगाऊ भरावी लागते.

वंश विचारता येत नाही म्हणून आता असे कार्यक्रम वेगळे प्रश्न विचारतात. तुमच्या घरात कॉलेजला जाणारे तुम्ही पहिलेच का? तुमच्या शाळेतली निम्म्याहून अधिक मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात का? घरात मिळकत किती? जात विचारायला संकोचणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या शिबिरानं हाच अर्ज मराठीत छापला, तर नाना चौकातल्या त्या जुन्या महापालिका शाळेतलं मूल पहिल्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहील. फक्त प्रश्न त्याला कळेल अशा मराठीत हवा.